तिकिटाचे पैसे पूर्ण भरले पण गेलो नाही, तर माइल्स का मिळत नाहीत?

कोथरूडकर_७४

मंडळी एक प्रश्न आहे, जाणकारांनी सांगावं. मध्यंतरी पुण्याहून दिल्लीला जायचं होतं, तिकीट स्वतःच्या पैशांनी काढलेलं, नॉन-रिफंडेबल, आणि आदल्या रात्री घरात आजारपण निघालं म्हणून जाणं राहिलं. पैसे परत मिळणार नाहीत हे मला मान्य आहे, तिकीट घेतानाच तसं लिहिलेलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण कस्टमर केअरला म्हटलं की निदान नेहमीच्या प्रवाशांना बक्षीस म्हणून देतात ते पॉइंट्स (माइल्स) तरी जमा करा, तर उत्तर आलं की प्रवास झालाच नाही, पॉइंट्स फक्त प्रत्यक्ष उडालेल्या सेक्टरवर (प्रवासाच्या टप्प्यावर) मिळतात. पूर्वी मैल मोजून द्यायचे तेव्हा हे पटण्यासारखं होतं, पण आता पॉइंट्स भरलेल्या रुपयांवर मोजतात ना? रुपये तर मी भरलेत आणि ते कंपनीने ठेवलेत. मेसवालासुद्धा आधी सांगितलं तर खाडा धरतो, इथे माझं जेवण वाचलं, वजन वाचलं, सीट कदाचित दुसऱ्याला दिली, तरी माझ्या खात्यात शून्य. यामागे काही खरं कारण आहे की नुसताच नियम?

हिशेबनीस

बरीच वर्षं एअरलाइनच्या रेव्हेन्यू अकाउंट्समध्ये काढली आहेत म्हणून आतली बाजू सांगतो. तुम्ही तिकीट काढता तेव्हा ते पैसे कंपनीच्या पुस्तकात उत्पन्न म्हणून येतच नाहीत, देणं म्हणून बसतात, त्याला एअर ट्रॅफिक लायबिलिटी म्हणतात. ई-तिकिटात प्रत्येक सेक्टरचं एक कूपन असतं, ते आधी ओपन, मग चेक्ड-इन, गेटवर बोर्डिंग पास स्कॅन झाला आणि विमान गेलं की फ्लोन, म्हणजे उडालेलं. कूपन फ्लोन झालं की पैसे उत्पन्नात जातात आणि त्याच नोंदीवरून तुमचे पॉइंट्स पडतात. त्याआधी तिकिटाचं काहीही होऊ शकतं, तारीख बदलते, रिफंड होतो, अपग्रेड होतं, कंपनीच फ्लाइट रद्द करते. खरेदीच्या दिवशीच पॉइंट्स टाकले तर लोक महागडं रिफंडेबल तिकीट काढतील, पॉइंट्स घेतील, ते वापरून मोकळे होतील आणि मग तिकीट रद्द करतील. म्हणून जिथे हिशेब कायमचा मिटतो तो क्षण धरतात, आणि तो म्हणजे विमान उडाल्यानंतरचा.

दुसरं म्हणजे पार्टनर एअरलाइन्स. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, लुफ्तान्साही त्यातच, म्हणजे तुम्ही लुफ्तान्साने गेलात आणि पॉइंट्स एअर इंडियाच्या खात्यात मागितलेत तर त्या पॉइंट्सचे पैसे लुफ्तान्सा एअर इंडियाला मोजते. परक्या कंपनीचं तिकीट कितीला विकलं गेलं, मध्ये कोणता एजंट होता, हे यांना दिसतंच असं नाही, कोण कुठल्या बुकिंग क्लासमध्ये बसून गेलं एवढंच खात्रीने कळतं. सगळी देवाणघेवाण त्या फ्लोन यादीवर चालते.

डोंबिवली_टू_डॅलस

हिशेबनीसकाकांनी आतलं सांगितलं, मी जरा मागचं सांगतो कारण मी राहतो त्याच गावातली गोष्ट आहे. अमेरिकेत १९७८ ला भाडी आणि मार्ग सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, सगळ्या कंपन्या भाड्यावरून एकमेकींवर तुटून पडल्या, प्रवाशाला कोणाचंही प्रेम उरलं नाही, स्वस्त असेल तिकडे. तेव्हा १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सने ॲडव्हांटेज ही माइल्सची योजना सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडने मायलेज प्लस काढलं. अमेरिकनने आपल्या सेबर या बुकिंग कॉम्प्युटरमध्ये तेच तेच फोन नंबर शोधून नेहमीचे प्रवासी हुडकले होते. हेतू तिकीट विकणं एवढाच नव्हता, माणसाला आपल्याच विमानात बसायची सवय लावणं हा होता, आणि बक्षीस म्हणून द्यायची ती रिकामी जाणारी सीट, जी कंपनीला जवळजवळ फुकट पडायची. मैल उडालात तर मैल मिळाले, इतका साधा व्यवहार.

आणि न उडता माइल्स मिळायला लागले की लोक काय करतात तेही अमेरिकेने पाहिलंय. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनिअरने हेल्दी चॉइस या खाद्यपदार्थांच्या ब्रँडची ऑफर वाचली, पाकिटांचे बारकोड पाठवा आणि माइल्स घ्या, आणि त्याने पुडिंगचे १२,१५० कप साधारण ३,१४० डॉलरला उचलले, साडेबारा लाखांच्या आसपास माइल्स मिळवले, पुडिंग साल्व्हेशन आर्मीला दिलं आणि लेबलं त्यांच्याच स्वयंसेवकांनी काढून दिली. पुढे अमेरिकेची टांकसाळ एक डॉलरची नाणी कार्डावर दर्शनी किमतीला घरपोच पाठवायची, डिलिव्हरी फुकट, तर लोक हजारोंची नाणी मागवून सरळ बँकेत भरायचे, कार्डाचे माइल्स खिशात. २०११ मध्ये कार्डाने नाणी घेणं बंद केलं तेव्हा ते थांबलं. पण दोन्हीकडे माइल्सचे पैसे दुसरं कोणीतरी एअरलाइनला देत होतं, कधी पुडिंगवाला, कधी बँक, म्हणून एअरलाइनचं काही बिघडलं नाही. तुमच्या न वापरलेल्या तिकिटावर पॉइंट्स दिले तर तो खर्च कंपनीच्या स्वतःच्या खिशातून.

स्पष्ट_बोलते

सगळं वाचलं आणि तरीही मला कोथरूडकरांचं म्हणणं बरोबर वाटतं, आणि ते कोणी खोडलेलं नाही. रिफंडेबल तिकिटाचा गैरवापर होईल हे ठीक, पण यांचं तिकीट नॉन-रिफंडेबल होतं, फ्लाइट गेली, आता पैसे परत जाण्याचा प्रश्नच नाही, म्हणजे हिशेब तिथेही मिटलाच की हो काका. मैलाचा नियम मैल मोजत होते तेव्हाचा. अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सने जानेवारी २०१५ पासून भरलेल्या डॉलरवर मोजायला सुरुवात केली, त्याच वर्षी मार्चमध्ये युनायटेडने, ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकनने, आपल्याकडे एअर इंडियाने २०२४ मध्ये तेच केलं. अमेरिकनने तर २०२२ पासून स्टेटससुद्धा (सदस्याचा गोल्ड वगैरे दर्जा) क्रेडिट कार्डाच्या खर्चावर द्यायला घेतलं, म्हणजे विमानात पाऊल न ठेवता माणूस गोल्ड होऊ शकतो. डेल्टाला अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीकडून २०२४ मध्ये ७ अब्ज डॉलरच्या वर मिळाले, २०२० च्या कोविडमध्ये युनायटेडने मायलेज प्लस तारण ठेवून ६.८ अब्ज उभे केले. एवढा मोठा धंदा ज्या पॉइंट्सवर चालतो ते किराणा आणि पेट्रोलवर मिळतात, आणि खुद्द त्या कंपनीचं तिकीट विकत घेणाऱ्याला घरातल्या आजारपणामुळे जाता आलं नाही तर मिळत नाहीत, हे मला अजिबात न्याय्य वाटत नाही. पोचल्यावर द्या, पण नॉन-रिफंडेबल असेल तर नंतर अर्धे तरी द्या.

हिशेबनीस

ताई, तुमचा मुद्दा मी नाकारत नाही. नो-शोचं, म्हणजे तिकीट असून न आलेल्याचं, नॉन-रिफंडेबल भाडं फ्लाइटच्या तारखेला उत्पन्नात धरलं जातं हे खरं आहे, म्हणजे हिशेबाची अडचण त्या तिकिटापुरती उरत नाही. उरतो तो धंद्याचा विचार. दिलेला प्रत्येक पॉइंट हे पुन्हा नवं देणं असतं, भाड्यातला काही भाग बाजूला काढून ठेवावा लागतो, आणि जो आलाच नाही त्याच्यासाठी ते करायला कंपनीला कोणी भाग पाडत नाही. शिवाय नो-शो होणार हे धरूनच काही फ्लाइट्सवर सीटपेक्षा जास्त तिकिटं विकली जातात, त्या सीटवर बसून गेलेल्याला पॉइंट्स मिळालेले असतात. न्याय्य आहे का, तर मलाही पूर्ण पटत नाही.

पण कोथरूडकर, पॉइंट्सपेक्षा महत्त्वाचं ऐका. डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाचा नियम आहे की तिकीट वापरलं नाही, अगदी नो-शो झालं, भाडं नॉन-रिफंडेबल असलं, तरी सरकारी कर आणि यूडीएफ, पीएसएफ वगैरे विमानतळाचे आकार कंपनीने परत करायचे. बहुतेक लोक मागतच नाहीत. पीएनआर घेऊन वेबसाइटवर रिफंड रिक्वेस्ट टाका, फोनवर नाही म्हणाले तरी लेखी मागा.

कोथरूडकर_७४

हे माहीतच नव्हतं, तिकीट उघडून पाहिलं तर कर आणि आकार मिळून बऱ्यापैकी रक्कम आहे. रिक्वेस्ट टाकली. पॉइंट्सबद्दल मी स्पष्ट_बोलते यांच्याच बाजूचा, पण का देत नाहीत ते कळलं.

नाशिकची_मेधा

याच धाग्यात विचारते, माझं मुंबई–लंडन रिटर्न आहे एकाच पीएनआरवर. जायच्या वेळी ऑफिस दुसऱ्या फ्लाइटने पाठवतंय, तर जाताना हे तिकीट सोडून दिलं आणि येताना वापरलं तर येतानाचे पॉइंट्स मिळतील ना?

हिशेबनीस

मेधाताई, असं अजिबात करू नका! पहिलं कूपन न वापरता सोडलंत तर बहुतेक कंपन्या पुढची सगळी कूपनं आपोआप रद्द करतात, लंडनला विमानतळावर गेल्यावर कळेल की परतीची सीटच नाही. आजच फोन करा, जाण्याचा भाग काढून तिकीट नव्याने काढून द्या म्हणून सांगा, फरक भरावा लागेल. परतीचं कूपन उडालं की त्याचे पॉइंट्स पडतील, आणि ऑफिसच्या फ्लाइटवरही स्वतःचा मेंबरशिप नंबर टाकायला सांगा, तिकिटाचे पैसे कोणीही भरले तरी पॉइंट्स सहसा जो बसून जातो त्याचेच.