'आजच पाठवतो की': इंग्रजीतलं 'ओन्ली' आणि आपला 'च'

सांगलीच्या मार्केट यार्डात ज्यांचं हळदीचं अडत दुकान आहे, अशा घरातला एक मुलगा माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतो. परवा त्यानं बाहेरच्या खरेदीदाराला पाठवायचा निरोप दाखवला. 'आय विल सेंड द सॅम्पल टुडे ओन्ली.' मी 'ओन्ली'खाली रेघ ओढली, तर म्हणाला, "मॅडम, मी आजच पाठवतो म्हटलंय की. यात चुकलं काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याच्या डोक्यात 'आजच' होतं आणि शाळेपासून आपण 'च म्हणजे ओन्ली' असंच पाठ करतो. पण आपलं बोलणं ज्याच्या कानावर नाही, तो खरेदीदार हे वाक्य 'नमुना फक्त आज पाठवणार, उद्या मागाल तर नाही' असं वाचू शकतो. मुलाला द्यायचा होता भरवसा आणि कागदावर उतरली अट.

आपला 'च' दोन कामं करतो. एक, बाकीच्यांना बाहेर ठेवतो: 'आम्ही राजापुरीच घेतो', म्हणजे दुसरी हळद नाही. दोन, शब्दावर जोर देतो: 'मी येणारच', 'तो घरातच आहे'. 'ओन्ली'कडे यातलं पहिलं काम आहे. दुसऱ्या कामाला इंग्रजी माणूस बहुतेक वेळा वेगळा शब्द घेतच नाही, आवाजावर भागवतो. 'ही इज ॲट होम' म्हणताना 'इज' दाबून म्हटलं की झाला 'घरातच आहे'. लिहिताना आवाज नसतो, म्हणून तिथं वाक्य बदलावं लागतं.

दुसरा फरक जागेचा. 'च' ज्या शब्दाचा असतो त्यालाच चिकटतो, त्यामुळे मराठीत घोटाळा होत नाही. 'आम्हीच राजापुरी घेतो' आणि 'आम्ही राजापुरीच घेतो' यांत कुणाचीही गल्लत होणार नाही. 'ओन्ली' मात्र सुटा शब्द, वाक्यात फिरतो. 'ओन्ली वुई बाय राजापुरी' म्हणजे आम्हीच. 'वुई बाय ओन्ली राजापुरी' म्हणजे राजापुरीच. आणि 'वुई ओन्ली बाय राजापुरी'? बोलताना याचाही अर्थ बहुधा राजापुरीच असा होतो, कारण इंग्रजीत 'ओन्ली' क्रियापदाच्या आधी बसवायची सवय आहे. पण नुसतं कागदावर वाचलं तर 'आम्ही फक्त घेतो, विकत नाही' असाही अर्थ निघतो. म्हणून व्यवहाराच्या कागदात ते ज्या शब्दाचं आहे त्याला लागूनच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

'ओन्ली' शब्दाचं मूळ पाहिलं तर आत 'एक' दडलेला आहे. जुन्या इंग्रजीतल्या 'एक' आणि 'सारखा' या अर्थाच्या दोन तुकड्यांतून तो घडला. आपल्या 'एकच'मध्ये आणि 'एकुलता एक'मध्ये तोच एक बसलाय. 'फक्त' अरबीतून फारसीमार्गे आला, 'केवळ' संस्कृतातून. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'मात्र'. पावतीवर आपण 'अक्षरी रुपये पाचशे मात्र' लिहितो, पुढं कुणी आकडा वाढवू नये म्हणून. इंग्रजी चेकवर त्याच जागी, त्याच कामाला 'ओन्ली' असतं. आणि 'माल चांगला आहे, दर मात्र जास्त' म्हणताना हाच 'मात्र' 'पण' होतो. 'ओन्ली'सुद्धा असाच 'पण' होतो: 'आय वुड कम, ओन्ली इट्स रेनिंग', आलो असतो, पण पाऊस आहे. एकमेकांपासून इतक्या लांब वाढलेले दोन शब्द त्याच दोन अर्थांवर येऊन थांबलेत, याचा मला खरोखर आनंद होतो.

खरी परीक्षा 'आत्ताच'ची. सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल आहे. पावसाळ्यात सगळ्या सांगलीचं लक्ष तिथल्या कृष्णेच्या पातळीकडे असतं. 40 फुटांना इशारा, 45ला धोका. पाणी चढत असताना कुणी म्हणतं, "आत्ताच चाळीस झालंय, रात्री काय होणार!" इथं इंग्रजीत 'ऑलरेडी' हवं, 'ओन्ली' टाकलं तर भीतीच निघून जाईल. दुसरा म्हणतो, "घाबरू नका, अजून चाळीसच आहे." इथं 'ओन्ली' अगदी बरोबर. आणि तिसरा पुलावरून परत येऊन म्हणतो, "आत्ताच बघून आलो." इथं 'ओन्ली जस्ट'. आकडा तोच, नदी तीच. पूर येतो तेव्हा या फरकावर माणूस सामान उचलायचं की थांबायचं ते ठरवतो. म्हणून मी वर्गात हे तिन्ही शब्द एकत्रच शिकवते.

'ओन्ली देन'साठी मुलं 'तेव्हाच' लिहितात. चूक नाही, पण 'दोन तास रांगेत उभा राहिलो, तेव्हा कुठे नंबर लागला' यातला 'तेव्हा कुठे' जास्त नेमका आहे. वाट बघून आलेला शीण त्यात ऐकू येतो. भाषांतर करणाऱ्यांनी तो विसरू नये.

राहता राहिला त्या मुलाच्या बोलण्यातला 'की'. 'पाठवतो की', 'आहे की', 'या की' हा आपल्या सांगली-साताऱ्याकडचा 'की' समोरच्याला धीर देतो, कधी गोड आग्रहही करतो. त्याला इंग्रजीत एक शब्द नाही. मग आम्ही दोघांनी मिळून निरोप असा केला: 'आय विल सेंड द सॅम्पल टुडे, बिफोर फाइव्ह.' वेळ घातली की 'च'चा जोर आपोआप आला. मुलानं दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, पण 'की' राहिला ना?" मी त्याला शेवटी 'यू कॅन काउंट ऑन इट' जोडायला सांगितलं. याहून आटोपशीर काही कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा, पुढच्या तासाला मुलांना देईन.