मदत हवी आहे: नवरा गोरापान, नवरी सावळी, रात्रीच्या कँडिड फोटोंना लाइट कसा करू?

रातराणी:

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात सोलापूरला एका लग्नाचं कँडिडचं काम घेतलंय. गोरज मुहूर्त, मग लॉनवर रिसेप्शन, आणि जेवणं उरकली की दोघांची वरात. म्हणजे निम्म्याहून जास्त काम अंधार पडल्यावरचं. पारंपरिक फोटोवाले आणि व्हिडिओवाले वेगळे आहेत, स्टेजवरची रांग त्यांच्याकडे. मला हवेत ते दोघं एकमेकांशी बोलतानाचे, कुणीतरी कानात काही सांगितल्यावर फिस्सकन हसतानाचे फोटो.

अडचण अशी की नवरा चांगलाच गोरा आणि नवरी चांगलीच सावळी. साखरपुड्याला गच्चीवर याच दोघांना टिपलं, तेव्हा त्याचं कपाळ सांभाळावं तर ती मागच्या अंधारात मिसळून जायची. तिचा चेहरा यावा म्हणून एक्स्पोजर वाढवलं की त्याच्या नाकावर पांढरा डाग. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) शॅडो उचलून पाहिल्या, तर तिची त्वचा राखाडी पडली आणि वर नॉइज.

नवरीने मला बजावून सांगितलंय, "ताई, मला गोरं करायचं नाही. आधीच्या एका अल्बममध्ये मी मलाच ओळखू येत नाही." तिच्या आईचा मात्र वेगळा फोन आला, "जरा उजळ येऊ द्या हं." पैसे आईकडून येणार आहेत, तरी ऐकणार आहे मी नवरीचंच.

सामान: दोन फुलफ्रेम बॉडी, ३५ आणि ८५ च्या लेन्स (दोन्ही एफ १.८), ट्रिगरसह दोन मॅन्युअल फ्लॅश, एक पांढरी छत्री, एक एलईडी स्टिक. मदतीला भाचा.

मीटर कुणावर धरू? दोघं सारखी हलणार, तेव्हा लाइट कुठे ठेवू? आणि डीजेच्या रंगीबेरंगी लाइटचं काय करायचं?

पेठकर:

सोप्पंय. ५० एफ १.४ घ्या, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० करा, फ्लॅश बॅगेत ठेवा. कँडिड म्हटलं की फ्लॅश नाहीच.

उजेडवेडा:

पेठकर, त्याने दोघांवरचा उजेड सारखाच वाढेल. फरक आहे तिथेच राहणार. ताईंकडे उजेड कमी आहे ही तक्रारच नाहीये.

लाइटदादा:

मी शूटिंगच्या लाइटिंगमध्ये आहे, लग्नं करत नाही. पण दोन वेगळ्या रंगांचे कलाकार एका फ्रेममध्ये हे आमचं रोजचंच.

आधी हिशेब बघा. खूप गोरी त्वचा तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण एक तृतीयांश परत पाठवते, म्हणजे १८ टक्के उजेड परत पाठवणाऱ्या ग्रे कार्डापेक्षा (मीटर जुळवायचं राखाडी कार्ड) जवळपास एक स्टॉप वर. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. खूप गडद त्वचा त्याच कार्डाच्या स्टॉपभर खाली जाऊ शकते. तुमच्या जोडप्यात एवढं टोकाचं अंतर नसणार, पण स्टॉप-दीड स्टॉप धरून चाला. दिवसा मोकळ्या आभाळाखाली सेन्सर तेवढं सहज पचवतो. रात्री आयएसओ चढवलेला, त्यामुळे डायनॅमिक रेंज (अंधार ते उजेड पकडायची सेन्सरची ताकद) आधीच घटलेली, त्यात एकुलता एक लहानसा लाइट कॅमेऱ्यावरून. मग गाडी अडते.

हा फरक पुसायचा नाही. पुसलात तर नवरीला जे नकोय तेच हातात येईल. दोघांच्याही चेहऱ्यात तपशील राहिला की झालं. मीटर नवऱ्याच्या उजेडाकडच्या गालावर धरा. गेलेलं पांढरं परत येत नाही. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावून बघा, कारण पिवळ्या दिव्यात त्वचेचा लाल चॅनल सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे त्यातला तपशील जातो, आणि एकत्र आलेखात ते कळतच नाही. नवरीला काय द्यायचं ते तिथेच, लाइटने द्या.

ते कसं, तर पहिलं अंतर. उजेड अंतराच्या वर्गाने पडतो. लाइट नवरीपासून एक मीटरवर आणि नवरा तिच्या पलीकडे, लाइटपासून दीड मीटरवर असेल, तर त्याच्यावर तिच्या निम्म्याहूनही कमी उजेड पडतो. फरक एक स्टॉपच्या थोडा वर, म्हणजे जवळपास तुम्हाला हवा तेवढाच. तोच लाइट चार मीटर मागे नेलात की हिशेब चार आणि साडेचारचा. फरक जेमतेम एक तृतीयांश स्टॉप. दोघं एका जागी बसलेले असतील तर लाइट जवळ आणि तिच्या बाजूला. फिरत असतील तर लांब.

दुसरी दिशा, आणि लोक घोळ घालतात तो इथेच. गडद चेहऱ्याचा आकार कॅमेऱ्याला कळतो तो बराचसा चमकेतून. गालाच्या हाडावर, नाकाच्या कडेला, हनुवटीवर लाइटचं प्रतिबिंब उमटतं. लाइट लहान असेल तर तिथे टोचरा ठिपका येतो, मोठा असेल तर मऊ, लांब पट्टा. म्हणून छत्री घ्या, बटर पेपरची फ्रेम घ्या, थर्माकोलची शीट घ्या, मंडपाचा पांढरा कपडा चालेल. मोठं काहीतरी, बाजूने किंवा किंचित मागून. समोरून फ्लॅश मारून भरून काढायला जाल तर चेहरा सपाट होतो, आणि सपाट सावळा चेहरा फोटोत आहे त्याहून काळा दिसतो.

तिसरा कटर. काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा छत्रीच्या कडेला क्लिपने लावा, म्हणजे नवऱ्याकडे जाणारा उजेड थोडा कापला जाईल. छत्रीचा मधला भाग नवरीवर, कडेचा उजेड त्याच्यावर.

आरसा:

मी ब्रायडल मेकअप करते. लाइट कितीही चांगला करा, नवरीच्या तोंडावर दोन शेड वरचं फाउंडेशन असेल तर तुमची मेहनत वाया. चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या, मेंदीचे हात तिसऱ्या. आमच्याकडे हा "उजळ बेस" अजूनही आवर्जून मागितला जातो, बहुतेकदा नवरीच्या बरोबर आलेल्या बायकांकडून.

शिवाय सनस्क्रीनमधला टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड, आणि काही एचडी पावडरींमधली सिलिका, यांच्यावर समोरून फ्लॅश पडला की चेहऱ्यावर पीठ सांडल्यासारखं दिसतं. फ्लॅशबॅक म्हणतो आम्ही. ट्रायलच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत फोनचा फ्लॅश लावून एक फोटो काढायला सांगा, लगेच कळेल. मेकअपवालीला हेही सांगा की शेड मानेशी आणि गळ्याशी जुळवायची, आणि नवरीच्या गालावर मॅट नको, हलकी चमक राहू दे. लाइटदादा म्हणतात ती चमक तिथूनच मिळते.

नवऱ्यासाठी उलटं. फेट्याखाली घाम येतो. भाच्याच्या खिशात ब्लॉटिंग पेपर असू द्या आणि दर थोड्या वेळाने त्याचं कपाळ टिपून घ्या.

जुना लॅबवाला:

अवांतर आहे, पण राहवत नाही. फिल्मच्या काळात मी कलर लॅबमध्ये होतो. प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅकची शर्ली कार्डं असत, गोऱ्या बाईचा फोटो असलेली. तिची त्वचा बरोबर आली म्हणजे मशीन बरोबर. सावळी माणसं मातकट आली तर दोष "लाइटिंगचा". फिल्मला गडद तपकिरी छटा नीट येत नाहीत ही ओरड कंपनीने मनावर घेतली, त्यात चॉकलेटवाल्यांच्या आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या जाहिरातींच्या तक्रारींचा मोठा वाटा होता! वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेलं कार्ड आलं ते १९९० च्या दशकात. आणि फोनच्या कॅमेऱ्यात गडद त्वचा खरी दिसावी म्हणून गूगलने "रिअल टोन" आणला २०२१ मध्ये, पिक्सेल ६ बरोबर. म्हणजे प्रकरण अजून ताजं आहे.

आता कामाचं. अल्बम कुठे डिझाइन होणार आहे? बरेच डिझाइनर सवयीने प्रत्येक फोटोवर त्वचा उजळ करणारी अ‍ॅक्शन (फोटोशॉपमधली एका क्लिकची तयार कृती) चालवतात, विचारतही नाहीत. "त्वचेला हात लावायचा नाही" हे ऑर्डरवर लिहून द्या आणि छापण्याआधी एका पानाचा प्रूफ प्रिंट मागा. नाहीतर लॉनवर केलेलं सगळं तिथे धुऊन निघेल.

रातराणी:

सगळ्यांचे आभार! बहीण सावळी आहे आणि शेजारचा मुलगा गोरा, दोघांना गच्चीवर बसवून करून पाहिलं.

छत्री मीटरभरावर ठेवून फ्लॅश १/१२८ पॉवरवर नेला तरी एफ २ आणि आयएसओ १६०० ला उजेड फारच जास्त होत होता. म्हणून जवळच्या जागेला एलईडी स्टिक बटर पेपरमागे लावली, अगदी मंद. फ्लॅश आणि छत्री चार मीटरवर नेल्यावर १/६४ ला बरोबर बसलं.

स्टिक समोरून बाजूला सरकवत नेली तर एका जागी बहिणीच्या गालावर कानापासून ओठापर्यंत चमकेची रेघ आली आणि चेहरा एकदम उठून आला. हिस्टोग्राम जवळपास जागचा हलला नव्हता! रंग तिचाच, कुठेही उजळ वाटत नव्हती.

पण दोघांनी जागा बदलल्या की सगळं उलटं. गोरा माणूस लाइटजवळ, सावळी लांब, म्हणजे फरक दुप्पट. लग्नात मी त्यांना "तिकडे बसा" म्हणत फिरले तर कँडिड कसलं?

लाइटदादा:

माणसं हलवू नका, खुर्च्या हलवा. ते बसण्याआधी. रिसेप्शनला नवरी बहुधा नवऱ्याच्या डाव्या हाताला असते, तेव्हा तिथे बाजू आधीच ठरलेली आहे. जेवणाच्या पंगतीत, घास भरवताना, वरातीच्या बग्गीत किंवा उघड्या जीपमध्येही दोघं एका जागी असतात. एवढ्या जागांसाठी जवळचा लाइट तयार ठेवा.

बाकी वेळी दोन्ही फ्लॅश लांब लावा, दोघांच्या दोन बाजूंना, थोडे मागून, सारख्या पॉवरवर. कुणीही कुठेही वळलं तरी एकाचा मुख्य लाइट दुसऱ्याच्या केसांना कड देतो. तिच्या केसांची आणि शालूची कड अंधारातून सुटी होते हा मोठा फायदा. तिथे स्टॉपभर फरक राहील तो राहू द्या. रॉ फाइलमध्ये तिच्या चेहऱ्यावर मास्क लावून (म्हणजे तेवढाच भाग निवडून) अर्ध्या स्टॉपपर्यंत उचला, तेवढ्याने राखाडी पडत नाही.

उंची मात्र सांभाळा. लाइट फार वर गेला तर फेट्याची सावली थेट डोळ्यांवर येते.

पेठकर:

अर्धा स्टॉप मास्कने चालतो तर दीड का नाही? उगाच छत्र्या नाचवायच्या.

उजेडवेडा:

कारण आयएसओ १६०० ला दीड स्टॉप उचललेली सावली म्हणजे जवळपास ४५०० ला काढल्यासारखीच, आणि जिथे चमक पडलीच नव्हती तिथे ती मास्कने येत नाही. ताईंनी वर लिहिलंय बघा, हिस्टोग्राम न हलता चेहरा उठला. स्लायडरने आकार मिळत नाही. हां, वरातीत छत्री घेऊन पळता येणार नाही हे तुमचं खरं.

वरातीतला माणूस:

वरातीचं मी सांगतो, तेच करतो सीझनभर.

छत्री विसरा. भाच्याच्या हातात मोनोपॉडवर एक फ्लॅश, त्याला छोटा सॉफ्टबॉक्स, आणि त्याला एकच काम: कायम नवरीच्या बाजूने चालायचं. फ्लॅशला फुल सीटीओ जेल (पांढरा उजेड बल्बसारखा पिवळसर करणारी केशरी पारदर्शक शीट) लावा आणि व्हाइट बॅलन्स ३२०० च्या आसपास हाताने बांधून टाका, म्हणजे फ्लॅश, माळा आणि पिवळे दिवे एका कुटुंबातले दिसतील. ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक फोटोत नवरी वेगळ्या रंगाची येईल. जुन्या सोडियमच्या दिव्याखाली मात्र हातच टेका. त्या उजेडात पिवळ्याशिवाय रंगच फारसे नसतात, तिथे फ्लॅशच मुख्य ठेवा.

शटर १/१०० किंवा १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. इलेक्ट्रॉनिक शटर बंद, नाहीतर पट्टे येतात.

डीजेचे पार लाइट निळे किंवा जांभळे झाले की शांत बसा. निळ्यात सावळा चेहरा पार बुडतो आणि गोरा जांभळा होतो, नंतर कुणालाच सोडवता येत नाही. तांबूस, पिवळा फिरून आला की क्लिक. लेझर असेल तर लेन्स तिकडे करूच नका, थेट किरण सेन्सरवर पडला तर सेन्सर कायमचा डागी होऊ शकतो.

आणि व्हिडिओवाल्याच्या सनगन (हातातला प्रखर व्हिडिओ लाइट) धरणाऱ्या पोराला आधीच चहा पाजा. तो समोरून दोघांच्या तोंडावर पांढरा झोत मारणारच आहे. त्याला नवरीच्या बाजूला दोन पावलं सरकायला पटवलंत तर तुम्हाला फुकटात मुख्य लाइट मिळतो, आणि त्याचाही व्हिडिओ सुधारतो.

रातराणी:

सनगनची युक्ती भारी आहे. मेकअपवालीला आणि अल्बमवाल्याला आजच मेसेज केला. नवरीच्या आईला बहिणीचे दोन फोटो पाठवले, स्टिक समोरून आणि बाजूने. त्यांना दुसरा आवडला, "हिला उजळ केलंय ना?" म्हणाल्या. खरं सांगितलं. त्यावर उत्तर आलेलं नाही.

शेवटचं विचारते: फुल सीटीओची शीट इकडे मिळाली नाही तर केशरी जिलेटीन पेपर चालेल का? स्टेशनरीत मिळतो तो.

वरातीतला माणूस:

नको. तो नुसता केशरी दिसतो, उजेड कसा बदलेल याचा भरवसा नाही, आणि फ्लॅशच्या उष्णतेने आकसतो. नाटकांना, ऑर्केस्ट्राला लाइट पुरवणाऱ्यांकडे विचारा, त्यांच्याकडे जेलच्या शीटचे तुकडे पडलेले असतात. फ्लॅशच्या तोंडापेक्षा बोटभर मोठा कापा, कडेने मास्किंग टेप लावा. दोन तुकडे कापून ठेवा, गर्दीत एक पडतोच.