शुद्ध वंशाचं डुक्कर आणि प्रेअरीवरचं गहाणखत

बांधावरचा:
काल इथेच एका सदस्याने ठणकावून लिहिलं की अमेरिकेतल्या प्रेअरीवरचा (म्हणजे मधल्या सपाट गवताळ मुलखातला) शेतकरी कर्जातून वर आला तो शुद्ध वंशाच्या डुकरांमुळे, आणि आपण मात्र ‘गावठी’ला कवटाळून बसलो म्हणून मागे राहिलो. खाली अंगठ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

इलिनॉय, आयोवाकडे डुकराला ‘गहाण सोडवणारा’ म्हणायचे, हे मान्य. पण गहाण सोडवलं कुणी? मक्याने. पोत्यांनी मका गाडीत भरून चिखलातून स्टेशनपर्यंत न्यायचा तर वाहतूकच खाऊन टाकायची. तोच मका डुकराला घातला की माल आपल्या पायांनी चालत जायचा. जुना हिशोब असा की दहा बुशेल, म्हणजे ५६० पौंड मका घातला की शंभर पौंड वजन चढतं. १८६५ च्या नाताळात शिकागोचा मोठा गुरांचा बाजार सुरू झाला. तिथला व्यापारी डुक्कर काट्यावर चढवायचा, आजोबा-पणजोबा विचारत नव्हता.

शुद्ध वंशवाल्यांचा धंदा म्हणजे बराचसा एकमेकांना विकायचा धंदा. १८४० च्या आसपास बर्कशायरचं वेड आलं होतं. इंग्लंडहून आणलेलं काळं डुक्कर, रोज नवा भाव. मग मंदीत सगळं झोपलं आणि ज्यांनी सर्वांत शेवटी घेतलं त्यांच्या गोठ्यात डुक्कर तेच, किंमत मटणाची.

आणि माझी लाडकी गोष्ट: ‘पोलंड चायना’. प्रेअरीवर सर्वांत गाजलेलं ‘शुद्ध’ डुक्कर. तयार झालं ओहायोतल्या मायामी खोऱ्यात, बटलर आणि वॉरेन काउंटीत. १८१६ मध्ये तिथल्या शेकर पंथाच्या लोकांनी फिलाडेल्फियाहून ‘बिग चायना’ डुकरं आणली, ती तिथल्या गावठी डुकरांशी लागली, मग बर्कशायर मिसळलं, आणखी काय काय मिसळलं. १८७२ मध्ये इंडियानापोलिसला पैदासकारांची सभा भरली. समितीने लेखी कबूल केलं की पोलंडची म्हणावी अशी डुकराची जातच नव्हती. पण नाव लोकांच्या तोंडी बसलंय, तर राहू द्या! अशी ही शुद्धता. बाकी चालू द्या.

आयोवाकर:
मक्याने गहाण सोडवलं म्हणणं म्हणजे ज्वारीने भाकरी थापली म्हणण्यासारखं आहे. थापणारं कुणीतरी लागतं ना?

मी आयोवातल्या एम्स गावाजवळ राहतो, त्यामुळे हा विषय माझ्या कुंपणापलीकडचा आहे, शब्दशः. सुधारणेआधी इथे काय होतं ते सांगा की. लांब सोंडेचं, फळीसारखं चपटं, हरणासारखं पळणारं रानटी डुक्कर. लोक त्याला ‘प्रेअरी रेसर’ म्हणून हिणवायचे. त्याला मका घाला, ते पळण्यात जिरवणार. बाजाराला यायला दीड-दोन वर्षं. सुधारित नराची पिल्लं वर्षाच्या आत अडीचशे पौंडांवर जायची. तुमचे दहा बुशेल हे चांगल्या जनावराचे दहा बुशेल आहेत साहेब, प्रेअरी रेसरचे नव्हेत.

आणि शेतकरी सगळा कळप विकत घेत नव्हता हो. एक नर घ्यायचा. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांनी विते, वर्षाला दोन वेतं निघतात. वीस-पंचवीस माद्यांना एक नर म्हणजे पुढच्या सगळ्या पिल्लांचं अर्धं रक्त एका खोक्यातून आलं. खोकं म्हणतोय कारण ते खरंच खोक्यातून यायचं. शेतीच्या साप्ताहिकात जाहिरात बघायची, पत्र टाकायचं, पैसे पाठवायचे. मग फळ्यांच्या पिंजऱ्यात पिल्लू, वर ठोकलेला पत्ता आणि दाण्याची पिशवी, असं एक्सप्रेस गाडीने स्टेशनवर उतरायचं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याकडे आजोबाच्या काळचा असा पिंजरा अजून आहे. त्यात त्याची बायको लसूण वाळवते.

शेळीवाला_सांगोला:
मला डुकरातलं काय कळत नाय, पण कागदातलं कळतं. तीन वर्षांपूर्वी शुद्ध बोअरचा, म्हंजे मटणाच्या परदेशी जातीचा, बोकड घेतला. वंशावळीचा कागद, शिक्का, बापाचा फोटो, सगळं. फोटोतला बाप घोड्याएवढा. रक्कम लिहित नाही, बायको इथं वाचती. बोकड आणला आणि पंधरा दिवसांत माझ्या दोन गाभण शेळ्या खोकून खोकून गेल्या. बोकडाची पिल्लं झाली ती आमच्या उस्मानाबादीपेक्षा पावशेर जड. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो खुराक कमी पडला असंल. बांधावरचे साहेब, तुमचं बरोबर हाय. कागद विकायचा धंदा हाय ह्यो.

आयोवाकर:
भाऊ, तुमच्याशी झालं ते वाईटच. पण फसवणूक होत होती म्हणूनच तर नोंदवह्या निघाल्या! अमेरिकन बर्कशायर असोसिएशन १८७५ मध्ये इलिनॉयच्या स्प्रिंगफील्डला स्थापन झाली, डुकरांची जगातली पहिली नोंदणी. पहिली नोंद ‘एस ऑफ स्पेड्स’ या नराची, पैदास खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या डुक्करवाड्यातली. त्याआधी कुणीही काळं डुक्कर दाखवून बर्कशायर म्हणायचं. कागद हा रोग नव्हता, औषध होतं.

शेजाऱ्याने मला एकदा कान वाचायला शिकवला. पिल्लू मांडीवर उलटं धरलं, ते असं किंचाळलं की माझा चष्मा पडला. उजव्या कानातल्या खाचा म्हणजे वेताचा नंबर, डाव्या कानातल्या म्हणजे त्या वेतातलं कितवं. कानाच्या कुठल्या भागात खाच आहे त्यावर आकडा ठरतो. कागद हरवतो, कान हरवत नाही.

बांधावरचा:
राणीच्या डुकराची नोंद पहिली झाली यातच सगळं आलं. दिवे घ्या.

कान खरा असेल हो, पण कानावरून डुक्कर किती पिल्लं देईल ते कळतं का? या नोंदवहीवाल्यांनी काय केलं ते सांगतो. बर्कशायरला सहा पांढऱ्या खुणा हव्यात: चार पाय, तोंड, शेपटीचं टोक. पुढे पोलंड चायनावाल्यांनीही तेच डोक्यावर घेतलं. मूळचं ठिपक्याठिपक्यांचं डुक्कर निवडून निवडून काळं केलं. वर प्रदर्शनात बक्षीस मिळावं म्हणून आखूड नाक, बारीक हाड, गुबगुबीत अंग. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे ‘हॉट ब्लड’ डुक्कर इतकं नाजूक झालं की वेताला चार-पाच पिल्लं आली तरी मालक पेढे वाटायचा. हेच का ते गहाण सोडवणारं?

आयोवाकर:
ठीक आहे. हॉट ब्लडवाल्यांनी माती केली, मान्य. लिहून घ्या, तारीख टाका, फ्रेम करा.

पण ती सावरली कुणी? पैदासकारांनीच. आयोवा-नेब्रास्काकडच्या लोकांनी मोठ्या हाडाचं, लांब अंगाचं डुक्कर परत आणलं. इंडियानातल्यांना जुनं ठिपक्यांचंच हवं होतं, त्यांनी १९१४ मध्ये वेगळी नोंदवही काढली. तुमच्या शिकागोच्या काट्याने नाही सावरलं.

तारकुंपण:
एक शंका. कुंपणच नसेल तर शुद्ध वंश राहतो कसा? प्रेअरीवर लाकूड नाही, शेजाऱ्याचा नर रात्री येणार आणि सकाळी सगळी वंशावळ संपली. इलिनॉयचे जोनाथन टर्नर म्हणूनच ओसेज ऑरेंजच्या काटेरी झुडपांचं कुंपण लावा म्हणून मागे लागले होते. कुंपण घोड्याला उंच, बैलाला भक्कम आणि डुकराला घट्ट असावं, असं म्हणत. मग इलिनॉयमधल्याच डीकाल्बच्या ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट घेतलं. नोंदणी संस्था कधीची म्हणालात? १८७५. योगायोग नसावा.

बांधावरचा:
@तारकुंपण, योगायोगच आहे. एक वर्ष मागेपुढे आलं की कारण होत नाही. आणि नुसती काटेरी तार डुकराला थोपवत नाही, ते खालून उकरून जातं. पण मुद्दा चांगला, मला सुचायला हवा होता.

पशुवैद्य_निवृत्त:
अवांतर लिहितो, पण हे अवांतर नाही. सगळे पोलंड आणि पांढऱ्या शेपट्यांत अडकलात. हे जे एक्सप्रेसचं खोकं आयोवाकर एवढ्या कौतुकाने सांगताहेत, त्यात पिल्लाबरोबर आणखी काय यायचं? हॉग कॉलरा. माणसाच्या कॉलऱ्याशी संबंध नाही. डुकराला ताप, खाणं बंद, मागचे पाय लटपटणार, कानापोटावर जांभळे डाग, आणि कळपच्या कळप साफ. १८३३ मध्ये ओहायोत नोंदला गेला आणि रेल्वे पसरली तसा पसरला. प्रदर्शनात शेजारीशेजारी बांधलेले नर, एकाच डब्यातून परत. मग तेच नर दहा गावांना विकायचे. रोग पसरवायला याहून चांगली व्यवस्था मला विचारलं असतं तरी सुचली नसती.

आयोवाकर:
डॉक्टर, आता हे मात्र अति झालं. शिकागोला रोज हजारो डुकरं जात होती, रिकामे डबे तसेच न धुता परत येत होते, मेलेली जनावरं लोक ओढ्यात टाकत होते. आणि दोष कुणाला? महिन्याला दोन खोकी पाठवणाऱ्या पैदासकाराला. सोपा बकरा सापडला!

पशुवैद्य_निवृत्त:
शिकागोला गेलेलं डुक्कर परत येत नाही महाराज, त्याचं सॉसेज होतं. गावात येऊन जिवंत राहतं ते पैदाशीचं. एवढा साधा फरक तुमच्या लक्षात येऊ नये?

मी चाळीस वर्षं जनावरांच्या बाजारात उभा राहिलो. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा आपल्याकडे बाजार बंद करावे लागले. तेव्हाही लोक मला म्हणत होते, ‘डॉक्टर, आमची गाय चांगल्या घरची आहे.’ रोगाला घर कळत नाही.

आयोवाकर:
लंपी चावणाऱ्या माश्या-गोचिडांनी पसरतो, तो डुकरांच्या धाग्यात कशाला? उदाहरण तरी जुळणारं द्या. आणि ‘एवढा साधा फरक’ ही भाषा दवाखान्यात ठेवा.

पशुवैद्य_निवृत्त:
माशी शंभर मैल उडत नाही, ट्रक जातो. असो. भाषेबद्दल माफी, फरकाबद्दल नाही.

आता पूर्ण ऐका. सरकारी शास्त्रज्ञ सॅल्मन आणि स्मिथ यांनी १८८५ मध्ये या रोगाचा म्हणून एक जंतू धरला. चुकीचा. त्या चुकीच्या आरोपीला पुढे सॅल्मनचं नाव मिळालं, तोच आजचा साल्मोनेला. खरा गुन्हेगार विषाणू आहे हे १९०३ मध्ये डोर्सेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. रक्तजलाचे (सीरमचे, म्हणजे रोगातून वाचलेल्या डुकराच्या रक्तातून काढलेल्या औषधाचे) प्रयोग झाले १९०७ मध्ये, आयोवाकर, तुमच्याच एम्सजवळ. तोवर काय? राख, गंधक, कोळसा आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातींमधली ‘हमखास’ औषधं. शुद्ध वंशाच्या जाहिरातीशेजारीच छापलेली. लस आल्यावरही १९१३ मध्ये साथीचं थैमान झालं, ६० लाखांच्या आसपास डुकरं गेली. शिवाय रक्तजलाबरोबर जिवंत विषाणूही टोचायची पद्धत होती, म्हणजे जनावर वाचलं तरी गोठ्यात रोग ठेवून जाई. देश या रोगातून मोकळा जाहीर झाला १९७८ मध्ये.

आयोवाकर:
एम्सचं मला ठाऊक होतं. (नव्हतं.)

शेजारच्या म्हाताऱ्याला आजच विचारलं. त्याने आजोबाची वही आणून दाखवली. प्रत्येक वेताचं पान: आईचं नाव, बापाचं नाव, किती जन्मली, किती विकली, कुणाला. १९१३ च्या शरदातल्या पानावर विकल्याचा रकाना कोरा आणि समोर पेन्सिलीने पाच-पाचच्या रेघा. मी मोजायला लागलो तर त्याने वही मिटली. म्हणाला, त्यानंतर आजोबाने नवीन नर आणला तो दोन मैलांवरून, स्वतः गाडीत घालून. रेल्वेने कधी नाही.

तेव्हा डॉक्टर, अर्धा मुद्दा तुमचा. अर्धाच. कारण तो नर नोंदणीचाच होता.

वैदर्भी:
सगळे पुरुष मिळून वजन मोजताय. त्या डुकराची चरबी कुठे गेली कुणी विचारलं? ते ‘लार्ड टाइप’ होतंच त्यासाठी. तळण, पाव, साबण, दिवा, सगळं त्यावर. शरदात कढई लावून चरबी वितळवायचं काम बायकांचं, धूर डोळ्यात त्यांच्या. १९११ मध्ये डब्यातलं वनस्पती तूप बाजारात आलं आणि हळूहळू स्वयंपाकघराने चरबी सोडली. मग जाड डुक्कर कुणाला हवं? वंश बदलला तो काट्याने की नोंदवहीने यावर भांडताय, कढईने बदलला.

बांधावरचा:
वैदर्भी, हे पटलं. आयोवाकरांचंही थोडं पटलं, म्हणजे नर एकच घ्यायचा हा भाग. मी कळपाच्या हिशोबाने बोलत होतो. तरी ‘शुद्ध’ हा शब्द मी वापरणार नाही. ‘नोंदलेलं’ म्हणा, भांडण मिटलं.

आयोवाकर:
पोलंड नसलेल्या पोलंडला जग दीडशे वर्षं पोलंड म्हणतंय. तुमच्या शब्दासाठी थांबेल असं वाटत नाही.

पशुवैद्य_निवृत्त:
शेळीवाले, एक राहिलं. तुमच्या दोन शेळ्या खोकून गेल्या म्हणालात. बोकड आणल्यावर किती दिवस वेगळा बांधला होता?

शेळीवाला_सांगोला:
वेगळा म्हंजे?

पशुवैद्य_निवृत्त:
म्हणजे कळपापासून लांब. निदान तीन आठवडे. पाणी वेगळं, गव्हाण वेगळी.

शेळीवाला_सांगोला:
डॉक्टर, टेम्पोतून उतरवला, हळदकुंकू लावलं आणि तसाच आत सोडला. गावातली मंडळी बघायला आली होती.