जप आणि अनुलोम-विलोम एकत्र केल्यावर चक्कर येते

प्रश्न: ‘राम कृष्ण हरी’चा जप आणि अनुलोम-विलोम एकदमच करतोय. दहा मिनिटांत बोटांना मुंग्या, डोकं हलकं. शांत वाटायचं सोडून धडधड वाढते. चुकतंय कुठे?

— श्वास भराभर आणि खोल होतोय. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून मुंग्या. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, तूर्त बंद. 4 अंक मोजत घ्या, 6 मोजत सोडा, आवाज न होता. उजवी नाकपुडी अंगठ्याने, डावी अनामिकेने नुसती मिटायची. दाबून धरलीत की नाकाचा पडदा कलतो आणि दम लागतो. 5 मिनिटं पुष्कळ झाली.

— दोन्ही एकत्र नकोच. आधी श्वास, मग माळ. माळ मधल्या बोटावर, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लांब. 108 झाले की मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, ओलांडायचा नाही, माळ उलटवून परत यायचं. मणी पळायला लागले की मन बाजारात गेलंय समजा; तिथेच थांबून पुढचा मंत्र पुटपुटत, ओठ हलवून म्हणा. मनातल्या मनात जप दिसतो सोपा, पण नवख्याला झोपच आणतो.

— जेवणानंतर 3 तास तरी जाऊ द्या. आणि नाक चोंदलं असेल त्या दिवशी फक्त जप. दीर्घ श्वास बंद करूनही धडधड राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्नकर्ता: माळ तर्जनीवरच होती!