नुसतं काळं चित्र बघायचं तरी कसं?

भटकभवानी:
फ्रान्सात रोदेझच्या सुलाज म्युझियमला गेले होते. केवढाले कॅनव्हास आणि सगळे काळेकुट्ट, मी दहा मिनिटांत कंटाळून बाहेर कॉफी प्यायला आले, नवरा मात्र तासभर आतच. मला काय दिसायला हवं होतं? टोमणा नाही, खरंच विचारतेय.

रंगारी:
अगं तिथे काळा रंग नाही, उजेड बघायचा. पिएर सुलाज या फ्रेंच चित्रकाराने १९७९ पासून हे सुरू केलं, रंगाचा जाडजूड थर द्यायचा, कुठे खरवडून खाचा पाडायच्या, कुठे गुळगुळीत ठेवायचं. खाचेच्या कडेवर उजेड पडला की ती चंदेरी दिसते आणि तू दोन पावलं सरकलीस की तीच काळीठिक्कर. नांगरटीनंतर ओली ढेकळं चमकतात ना, डिट्टो तसं. एका जागी उभं राहिलं तर भिंतच दिसणार.

खडूस_काका:
आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं बरोब्बर उलटं, त्याला उजेड गिळणारा काळा हवा. त्याच्या एका कलाकृतीत जमिनीत अडीचेक मीटर खोल खड्डा आहे, आतून इतका काळा की वरून नुसतं वर्तुळ रंगवल्यासारखं वाटतं. २०१८ मध्ये पोर्तुगालला पोर्तोत एक प्रेक्षक खरंच आत पडला, हॉस्पिटलात न्यावं लागलं बिचाऱ्याला. व्हँटाब्लॅक म्हणजे जवळपास सगळा उजेड शोषणारा काळा लेप, त्याचे कलेसाठीचे हक्क एकट्याने घेतले ते मात्र मला अजिबात पटलं नाही, रंग काय कुणाच्या बापाचा असतो का.

भटकभवानी:
अय्या! नवरा सारखा इकडून तिकडे का फिरत होता ते आत्ता कळलं, मला वाटलं वॉशरूम शोधतोय 😂