आठवी ते दहावीच्या मुलांना शाळेत किती लांब चालत जाऊ द्यावं? तुमचे अनुभव सांगा

कोथरूडकरीण:
मुलगा जूनपासून आठवीत जाईल. आत्तापर्यंत व्हॅन होती, आता म्हणतो मित्र सगळे चालत जातात, मीपण जाणार. घर डहाणूकर कॉलनीजवळ, शाळा नळ स्टॉपच्या पुढे, म्हणजे एका बाजूने पावणेतीन किलोमीटर तरी होतात. सकाळची शाळा, सातच्या आत गेटवर पाहिजे. नवरा म्हणतो आम्ही याहून लांब जायचो, सासूबाई म्हणतात जवळच्या शाळेत घातलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, आणि माझं सकाळी हो असतं नि रात्री नाही.

मागच्या रविवारी आम्ही दोघं सगळा रस्ता चालून आलो. कर्वे पुतळ्यापासून मयूर कॉलनीतून आतून गेलं की झाडं आहेत, गाड्या कमी, बरं वाटतं. पौड फाट्याला मेन रोडला लागलो की खरी परीक्षा. पुढे एका ठिकाणी फुटपाथवर विजेची डीपी (लोखंडी पेटी) आहे आणि तिला खेटून हातगाडी, त्यामुळे रस्त्यावर उतरावंच लागतं आणि नेमक्या तिथेच राँग साइडने टू-व्हीलर येतात. जेमतेम वीस पावलं असतील, पण माझा जीव तेवढ्यातच अडकलाय.

तर तुम्ही कसं ठरवलंत? अंतर बघितलंत, वेळ बघितलीत का मुलाकडे बघून ठरवलंत? गावाकडच्या, परदेशातल्या सगळ्यांनी लिहा प्लीज.

जुन्नरकर:
ताई, आमच्याकडं किलोमीटरचा हिशोब नाही, उसाचा आहे. पोरगी नववीला, वस्तीवरून शाळा दोन किलोमीटर, पण निम्म्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस. दिवसा काही वाटत नाही. थंडीत सहाला अंधार पडतो आणि त्याच टायमाला ऊसतोड चालू असते, बिबट्याची मादी पिल्लं घेऊन या फडातून त्या फडात जाते, बांधावर पायांचे ठसे आम्ही स्वतः बघतो. म्हणून आम्ही पालकांनी शाळेत जाऊन सांगितलं की दहावीचे जादा तास पाचनंतर ठेवू नका, दुपारच्या सुट्टीत घ्या नाहीतर शनिवारी घ्या. सरांनी ऐकलं. आता वस्तीवरची सगळी पोरं एकत्र निघतात, लहान मधी, मोठी पुढं मागं, जोरात गप्पा मारत. फॉरेस्टवाले पण हेच सांगतात, एकटं जाऊ नका, आवाज करत चला, बॅटरी ठेवा, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहू नका. ज्या दिवशी सोबत कोणी नाही त्या दिवशी मी मोटरसायकल काढतो, मग कांद्याचं पाणी राहिलं तरी चालेल.

टाचदुखी (ठाण्यात पीटी शिकवतो):
अंतराच्या आधी दप्तराचं वजन करा, घरातल्या वजनकाट्यावर. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या 10 टक्के ही मर्यादा दिली आहे, म्हणजे 40 किलोच्या मुलाला 4 किलो. माझ्या वर्गात मी दप्तरं उचलून बघतो तेव्हा खूप मुलांची त्याच्या दीडपट तरी असतात, त्यात क्लासच्या वह्या, दोन डबे, लिटरची बाटली. तीन किलोमीटर मोकळं चालणं या वयाच्या मुलाला काहीच नाही हो. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी असं सांगते, आणि आपली मुलं शाळेत बसून, क्लासमध्ये बसून, घरी येऊन परत मोबाईल घेऊन बसतात. झपझप चालली तर त्यातली बरीच भरपाई जाता येता होते.

दुसरं म्हणजे बूट. शाळेचे ते काळे कडक सोलचे बूट चालायला वाईट. बारा-तेरा-चौदा वर्षांची मुलं भराभर वाढतात तेव्हा टाच दुखते, बरेच पालक म्हणतात नाटकं करतोय. नाटकं नसतात. आमच्या शाळेने रोज स्पोर्ट्स शूजला परवानगी दिली ते मागे लागून लागून करून घेतलंय, तुम्हीही मागा. पावसाळ्यात दप्तरात कोरड्या मोज्यांचा एक जोड.

कुडाळच्या बाई:
मी माध्यमिक शाळेत शिकवते. आधी नियमाचं सांगते कारण त्यात लोकांचा घोळ होतो. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी असं आहे, माध्यमिकसाठी 5 किलोमीटर धरतात. पण हे शाळा कुठे असावी यासाठीचं आहे, सरकारने काय करायचं त्याचं. तुमच्या मुलाने 3 किलोमीटर चालायलाच हवं किंवा त्याहून जास्त चालूच नये असं त्यात कुठे नाही.

आमच्याकडे चार चार किलोमीटर चालत येणारी मुलं आहेत आणि नोव्हेंबर ते मे ती मजेत येतात, काजूच्या बागेतून, वाटेत बोरं करवंदं खात. प्रश्न जून ते सप्टेंबरचा. एका वाडीच्या वाटेवर वहाळ, म्हणजे ओढा आहे आणि त्यावर लाकडी साकव, म्हणजे छोटा पूल. वर घाटात पाऊस झाला की इथे ऊन असलं तरी तासाभरात पाणी वाढतं, मुलांना तो अंदाज येत नाही, मोठ्यांनाही येत नाही. म्हणून साकवाच्या खांबाला लाल ऑइल पेंटची पट्टी मारून घेतली आहे. पाणी पट्टीला लागलं की साकवावर पाय ठेवायचा नाही, मग चाचणी परीक्षा असो की आणखी काही. वाडीतल्या एका काकींचा फोन येतो, "बाई, वहाळाक पाणी इला", आणि मी त्या मुलांची गैरहजेरी लावत नाही. शाळा सुटताना पाणी असेल तर अलीकडच्या वाडीत दोन घरं ठरलेली आहेत, मुलं तिथे थांबतात, वेळ पडली तर राहतात, जेवतात. हे सगळं जूनच्या पालकसभेत ठरतं, पाऊस सुरू झाल्यावर नाही. कोथरूडच्या ताईंना एवढंच सांगेन की तुमच्या त्या डीपीला पण अशीच एक लाल पट्टी मारा, म्हणजे तिथे काय करायचं ते आधी ठरवा, रोज त्याच्या मनावर सोडू नका.

आणि एसटी जात असेल तिथे मुलींचा बारावीपर्यंतचा पास फुकट आहे, मुलग्यांनाही मासिक पासात मोठी सवलत मिळते. पावसाळ्यापुरता तरी काढून ठेवा.

डोंबिवली आजोबा:
नातू दहावीत. पुलावरून गेलं तर वीस मिनिटं, रूळ ओलांडून गेलं तर आठ. मी त्याला सांगितलंय, उशीर झाला तर शाळेला दांडी मार, मी चिठ्ठी देईन, पण रुळावर पाय ठेवायचा नाही. कानात ते इअरफोन घालून मुलं रूळ ओलांडताना दिसतात तेव्हा मी ओरडतो, मग ओळखीची असोत नसोत. बाकी चालू द्या मुलांना.

वरोरा चंद्रपूर:
आमच्या इकडे उन्हाचं बघावं लागते. मार्चमध्ये शाळा सकाळची होते, साडेअकराला सुटते, आणि एप्रिलमध्ये तेवढ्यात पारा चाळीसच्या वर गेलेला असते. जो रस्ता डिसेंबरमध्ये माझी मुलगी गाणे म्हणत चालते तोच एप्रिलमध्ये तिला चालू देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. डांबरी रस्ता खालून भाजते. आम्ही सरळ वर्षाचे दोन भाग केले, थंडीत अडीच किलोमीटर चालत, होळीनंतर येताना मानव विकासची, म्हणजे सरकारी योजनेतली मुलींसाठीची निळी एसटी. आमच्या तालुक्यात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीपण मिळतात, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर. सायकल मिळाली पण उन्हात सायकल म्हणजे तेच ऊन, लोकांना वाटते सायकल आहे तर काय झालं. दुपट्टा, पाणी, आणि सावलीच्या बाजूने यायचं, वाटेत ओळखीच्या दुकानात थांबून पाणी प्यायचं, त्या काकांना आम्ही सांगून ठेवलं आहे. तहान लागायच्या आधी पाणी पी म्हणून मी रोज बोलते, ती रोज हो म्हणते आणि बाटली अर्धी परत आणते.

सांगलीचा बाबा:
एक वेगळाच मुद्दा. चालणं लांब पडतं म्हणून आमच्या कॉलनीत नववीतल्या पोरांच्या हातात स्कूटी दिली आहे लोकांनी. अहो, 16 पूर्ण झाल्यावरसुद्धा फक्त 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची चालवता येते, आणि रस्त्यावरच्या या सगळ्या गाड्या त्याहून मोठ्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचं सोडा, पोरगं कुणाच्या अंगावर गेलं तर काय? आमचा मुलगा तीन किलोमीटर चालतो, अंगठा बाहेर आल्यामुळे बूट वर्षातून दोनदा घ्यावे लागतात, तेवढंच.

रेडिंगहून (इंग्लंड):
इथे काउन्सिलचा नियम आहे, 8 ते 16 वर्षांच्या मुलांना जवळची योग्य शाळा चालत 3 मैलांपेक्षा लांब असेल तर ने-आण फुकट. 3 मैल म्हणजे 4.8 किलोमीटर, त्याच्या आत असाल तर तुमचं तुम्ही बघा. सुरुवातीला मला धक्काच बसला की एवढं मूल चालेल असं धरून चालतात! पण रस्ताही सुरक्षित लागतो, आणि तो ठरवताना गरज पडली तर सोबत मोठं माणूस आहे असं गृहीत धरतात. आमचं घर दोन मैलांवर, म्हणजे आम्हाला काही मिळत नाही. मुलगी तेरा वर्षांची, चालते. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, त्यात शाळेनंतर क्लब असला की काळोखात यायचं, कोट काळा, दप्तर काळं. मी बॅगेला चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या, तिने काढल्या, परत लावल्या, शेवटी पट्ट्या नकोत तर क्लब बंद यावर आलो तेव्हा राहिल्या. फुटपाथ सलग आहेत आणि गाड्या थांबतात हे मात्र खरं, त्यामुळे कोथरूडच्या पावणेतीन किलोमीटरशी आमच्या दोन मैलांची तुलनाच नको.

कोथरूडकरीण:
सगळ्यांचे खूप आभार, एकेक वाचून नवऱ्याला दाखवतेय. बाई, लाल पट्टीचं फारच पटलं. आम्ही परत जाऊन आलो, डीपीच्या आधीच सिग्नलला पलीकडे जायचं आणि पुढच्या सिग्नलला परत अलीकडे, असं ठरवलंय, चार मिनिटं वाढतात, वाढू देत. दप्तर काट्यावर ठेवलं तर सव्वासहा किलो भरलं, त्याचं वजन 43! वर्गात पुस्तकं ठेवायला कपाट मिळेल का ते विचारायला सोमवारी जातेय. सकाळी चालत जाईल, पहिला महिना मित्रांबरोबरच, आणि दुपारी येताना जून ते सप्टेंबर बस. त्याला हे सगळं मान्य आहे, फक्त मी मागून स्कूटरवर येऊन बघायचं नाही अशी अट घातली आहे त्याने, ती मी मान्य केली आहे.

दहावी नाशिक:
मी पालक नाही पण लिहू का? काकू, मी सहावीपासून चालत जाते, आता मी आणि मैत्रीण दोघी जातो, अडीच किलोमीटर. मला एक सांगायचं होतं मुलींच्या आईबाबांना. आमच्या वाटेत एका टपरीपाशी मुलं उभी असायची, गाणी लावायची, नावं ठेवायची. मैत्रीण घरी सांगायलाच तयार नव्हती कारण सांगितलं की चालणं बंद होणार हे तिला माहीत होतं. मी सांगितलं. आई ओरडली नाही, दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर चालत आली, टपरीवाल्या काकांशी बोलली, आणि शाळेतल्या मॅडमना पण सांगितलं. आम्ही गल्ली बदलली, मंदिराच्या बाजूने जातो, तिकडे सकाळी भाजीवाल्या मावश्या बसलेल्या असतात. घरी सांगितलं तर काय होईल याची भीती नसली ना की आम्ही सगळं सांगतो. 112 (पोलीस, तातडीची मदत) आणि 1098 (मुलांची हेल्पलाइन) हे दोन्ही नंबर पाठ आहेत, शाळेत फोन चालत नाही पण कोणाच्याही दुकानातून लावता येतो. क्लास सातला सुटतो तेव्हा मात्र मी बाबांनाच बोलावते.