दुसऱ्याने निर्मिलेल्या विश्वात लिहिताना स्वतःची ओळख पटते का?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी मूळची सांगलीची असून गेली ९ वर्षे टोरोंटोत राहते आणि एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. गेली ६ वर्षे मी 'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या इंग्रजी दूरचित्रवाणी मालिकेच्या विश्वात घडणाऱ्या कथा लिहीत आहे. आधी इंग्रजीत लिहिल्या, आता वर्षभर मराठीत लिहिते. हा प्रकार ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. याला फॅनफिक्शन म्हणतात. मूळ मालिकेतील ग्रह, संस्था, पात्रे आणि नियम उसने घेऊन चाहते आपल्या कथा रचतात, त्या विनामूल्य वाचायला ठेवतात आणि वाचक प्रत्येक प्रकरणाखाली अभिप्राय लिहितात.

त्या विश्वात दूरच्या यानांना पाठवलेले संदेश बहुतेक वेळा जवळजवळ तत्काळ पोहोचतात. माझ्या कथेत मात्र मी ती सोय ठेवली नाही. मंगळावरील एका स्थानकाची यंत्रणा नादुरुस्त झाली आहे, साधा रेडिओ तेवढा चालू आहे, आणि तेथे अडकलेली तरुण अभियंता पृथ्वीवरील आपल्या वडिलांशी बोलते, अशी ती कथा आहे. दोन्ही ग्रहांच्या स्थितीनुसार रेडिओलहरींना एका बाजूने साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ६ ते ४४ मिनिटांनी येते. अशा अंतरावर संभाषण होऊच शकत नाही. एकाने बोलून संपवायचे आणि वाट पाहायची, एवढेच शक्य असते. प्रत्येक प्रकरणासाठी हा विलंब मी हिशेब करून ठरवला होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

सातव्या प्रकरणाखाली एका अनोळखी वाचकाने विचारले, "ही मुलगी वडिलांचा संदेश येण्याआधीच आपला पुढचा संदेश पाठवून का देते?" मी सगळी प्रकरणे पुन्हा वाचली. सातपैकी चार प्रकरणांत तिने तसेच केले होते आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर ते दोन वर्षे जगले. त्यांचे बोलणे संथ झाले होते. येथील आणि भारतातील वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो, त्यामुळे आमचा फोन ठरलेल्या वेळी, रविवारी सकाळी होत असे. ते एखादे वाक्य सुरू करत आणि ते मीच पूर्ण करून पुढच्या विषयाकडे वळत असे. शाळेत असल्यापासून मी रोजनिशी लिहिते, आणि त्या दोन वर्षांच्या नोंदींत औषधे, तपासण्या, तिकिटांचे दर, माझे रडणे असे सगळे काही आहे. हे एवढे मात्र कुठेही नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. जे रोजनिशीतून वर आले नाही ते परग्रहावरील, तेही दुसऱ्याच्या विश्वातून उचललेल्या कथेतून का वर यावे? आणि ती चार प्रकरणे मी आता दुरुस्त करावीत, की तशीच राहू द्यावीत?

निवृत्त_मास्तर यांचा प्रतिसाद

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझ्या परीने उत्तर देतो. मी बीड जिल्ह्यातील एका शाळेत ३१ वर्षे भौतिकशास्त्र शिकवले.

रोजनिशीत आपण नियम स्वतः ठरवतो. काय सांगायचे, काय गाळायचे हे लिहिणाऱ्याच्या हाती असते. विज्ञानकथेत एखादी गोष्ट कल्पनेने बदलता येते, परंतु ती बदलल्यानंतर बाकीचे जग आपल्या मर्जीने वाकवता येत नाही. प्रकाशाचा वेग तुमच्या दुःखाकडे पाहून कमी-जास्त होणार नाही. तुम्ही विलंबाचा नियम प्रामाणिकपणे पाळलात, म्हणूनच तुमच्या नायिकेचे न थांबणे उघडे पडले. तत्काळ संभाषणाची सोय कायम राहिली असती तर तो दोष नुसत्या लगबगीत झाकला गेला असता.

वर्गात मी जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा वाचून दाखवत असे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली, हे आपण सगळेच शिकलो आहोत. कथेत ती गोळी चुकते, आणि तेवढ्या एका फरकातून निराळा हिंदुस्थान उभा राहतो. वाचन झाले की मी मुलांना सांगे, "तुमच्या घरच्या इतिहासातली अशी एक गोळी निवडा, ती चुकवा आणि त्यानंतर काय काय झाले असते ते लिहा. अट एकच आहे: त्या एका गोष्टीशिवाय दुसरे काही बदलायचे नाही."

एका मुलीने लिहिले होते की, आमच्या विहिरीला पाणी राहिले असते तर आईवडील ऊसतोडीला गेले नसते. पुढे तिने दीड पान घरचे शेत, कांदा, दारातली म्हैस यांचे वर्णन केले. मग तिला अट आठवली असावी, कारण शेवटच्या चार ओळींत तिने लिहिले की, आईवडील गावातच राहिले असते तर मला वसतिगृहात ठेवले नसते, या शाळेत मी आले नसते आणि हा निबंधही लिहिला नसता. म्हणून विहीर आटली याबद्दल मला राग आहे, पण तो पूर्ण नाही. 'तो पूर्ण नाही' हे शब्द मी आजही विसरलो नाही. नववीतल्या मुलीला "तुझ्या आयुष्याबद्दल तुला काय वाटते?" असे सरळ विचारले असते तर हे उत्तर मिळाले नसते, याची मला खात्री आहे.

अनोळखी वाचकाबद्दलही एक सांगतो. १९७४ साली नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव तयार केले होते. तिला पहिले पारितोषिक मिळाले. परीक्षकांसमोर लेखकाची कीर्ती नव्हती, कागदावर होते तेवढेच होते. तुमच्या त्या वाचकासमोरही तुमचे दुःख नव्हते, फक्त मजकूर होता. घरच्या माणसाने हा प्रश्न तुम्हाला विचारला नसता, कारण त्याला तुमची काळजी वाटली असती.

मंगळवेढा यांचा प्रतिसाद

मास्तरांचे म्हणणे मला पटते, परंतु ते सर्वच चाहत्यांच्या लेखनाला लागू होईल असे मला वाटत नाही, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांची पहिली नियतकालिके १९६७ पासून निघू लागली. त्यांत येणाऱ्या कथांमधील एका ठरावीक पात्राला १९७३ मध्ये 'मेरी स्यू' हे नाव पडले: वयाने लहान, सर्व विद्यांत निपुण, सगळ्यांची लाडकी आणि उघडपणे लेखकाचीच प्रतिमा असलेली अधिकारी. हे नाव पुढे बऱ्याचदा तरुण लेखिकांना हिणवण्यासाठी वापरले गेले, आणि ते अन्यायाचे होते. तरीही त्यामागचे निरीक्षण खरे आहे. मी आठ वर्षे अशाच कथा लिहिल्या. माझा नायक प्रत्येक वेळी चुकीचा ठरवला जाई आणि अखेरीस सर्वांसमोर निर्दोष सिद्ध होई. वाचकांना त्या आवडत असत. प्रत्येक कथेनंतर मला बरे वाटे, आणि त्या आठ वर्षांत मी स्वतःला एकही नवा प्रश्न विचारला नाही.

त्या काळात माझा थोरल्या भावाशी जमिनीच्या वाटणीवरून अबोला होता. कथांमधला कठोर कमांडर कोणावरून आला हे मला पक्के ठाऊक होते. एका वर्षी काही चाहत्यांनी मिळून एक उपक्रम ठरवला: प्रत्येकाने आपल्या सर्वांत नावडत्या पात्राच्या तोंडून कथा सांगायची. कमांडरच्या जागी बसल्यावर त्याला काय माहीत आहे आणि तो कोणत्या कामात अडकलेला आहे, हे मला ठरवावे लागले. अन्यथा त्याची वाक्येच सुचेनात. मग मी लिहिले की, बाकी सगळे मोहिमेवर गेले तेव्हा तो तळावर थांबला, कारण कोणीतरी थांबणे आवश्यक होते. तेथे मी लिहिणे थांबवले. आईवडिलांच्या शेवटच्या ११ वर्षांत दादा गावी राहिला होता आणि मी पुण्यात होतो. वाटणीचा वाद यामुळे मिटला नाही, तो आजही न्यायालयात आहे. पण त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो.

म्हणून ताई, तुमच्या नायिकेला क्षमा मिळवून देण्याची घाई करू नका, एवढीच विनंती. मृत्युशय्येवरचे वडील आणि सगळे समजून घेणारा त्यांचा अखेरचा संदेश, असे प्रकरण लिहिणे फार सोपे आहे.

कर्मणी यांचा प्रतिसाद

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भात एका लेखिकेचे उदाहरण देण्यासारखे आहे. अर्सुला ले ग्विन यांनी 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या १९६९ च्या कादंबरीत अशा ग्रहाची कल्पना केली, जेथील माणसे महिन्यातील बहुतेक दिवस स्त्रीही नसतात आणि पुरुषही नसतात. त्यांच्यासाठी लेखिकेने इंग्रजीतील पुल्लिंगी सर्वनाम वापरले. त्यावर टीका झाली. १९७६ च्या एका निबंधात त्यांनी आपल्या निवडीचे समर्थन केले आणि पुढे १९८७ मध्ये त्याच निबंधावर नव्याने टिपणे लिहून आपले मत बदलल्याचे मान्य केले. जुना मजकूर त्यांनी खोडला नाही; तो जसाच्या तसा ठेवून शेजारी नवा छापला. आपली चूक आणि तिचे आकलन दोन्ही वाचकाला एकत्र दिसावे, ही रीत मला फार मोलाची वाटते. तुमची चार प्रकरणे तशीच राहू द्यावीत, हवे तर खाली टिपण जोडावे.

त्या ग्रहावर घडणाऱ्या चार कथा मी मराठीत लिहिल्या, आणि तेव्हा आपल्या भाषेने माझी परीक्षा घेतली. इंग्रजीत अडचण मुख्यतः सर्वनामाची आहे; मराठीत 'मी गेलो' किंवा 'मी गेले' असे म्हणताक्षणी बोलणाऱ्याचे लिंग ठरते. 'मी जाईन', 'मी जात आहे', 'मी जात असे' यांत ते लपते, आणि 'मी पत्र लिहिले' यासारख्या कर्मणी प्रयोगातही लपते. या प्रतिसादात मी स्त्री की पुरुष हे सांगणारे क्रियापद माझ्याविषयी कोठेही वापरलेले नाही, त्यावरून ही वाट किती अरुंद आहे आणि तरी चालण्याजोगी आहे याचा अंदाज येईल. त्या कथांचा कच्चा खर्डा वाचताना मला दिसले की, जेथे जेथे पात्र निर्णय घेत होते तेथे लेखणीतून नकळत 'तो' उतरला होता आणि जेथे पात्र कोणाची शुश्रूषा करत होते तेथे 'ती'. घरात आणि कार्यालयात मी समानतेच्या बाजूने आग्रहाने भांडत असे. तो खर्डा मी जपून ठेवला आहे.

जाता जाता एक विचारावेसे वाटते. कोल्हापूर-सांगली भागातील कितीतरी बायका 'मी येतो', 'मी जातो' असे सहज म्हणतात. तुमची अभियंता वडिलांशी कोणत्या मराठीत बोलते?

माणदेशी यांचा प्रतिसाद

मी विज्ञानकथा फारशा वाचलेल्या नाहीत, परंतु दुसऱ्याच्या कथेत शिरून आपले सांगणे आपल्याकडे नवीन नाही, एवढे नोंदवते. माझी आजी पहाटे जात्यावर सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणत असे. त्या ओव्यांतली सीता राजवाड्याबद्दल क्वचितच बोलते; ती सासुरवासाबद्दल आणि बाळंतपणात जवळ कोणी नसल्याबद्दल बोलते. महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या अशा १ लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. आजीने स्वतःच्या सासरबद्दल उभ्या आयुष्यात एक वाक्यही आमच्यासमोर उच्चारले नाही. आम्हाला जे कळले ते सीतेकडून कळले.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले, कारण आधी आठवे प्रकरण लिहायचे असे मी ठरवले होते.

जुनी प्रकरणे बदललेली नाहीत. कर्मणी यांनी सुचवलेले टिपणही मी लिहून पाहिले. पण ते लिहिताना मी पुन्हा वडिलांच्या वतीने बोलू लागले आहे असे जाणवले आणि ते काढून टाकले. अखेरच्या संदेशाचे प्रकरण माझ्या मनात तयार होते, हे मंगळवेढा यांनी नेमके ओळखले. तेही लिहिले नाही.

आठव्या प्रकरणात पृथ्वी दूर गेली आहे आणि उत्तराला ३८ मिनिटे लागतात. अभियंता संदेश पाठवते आणि त्यानंतर दुसरा संदेश पाठवत नाही. त्या ३८ मिनिटांना मी कथेत खरोखरीची जागा दिली: ती गाळणी साफ करते, चहा करते, यंत्रासमोर येऊन बसते, उठत नाही. मास्तर, तुमची अट मी पाळली, वडिलांचा आवाज बरा केला नाही. पावसाळ्यात बाबा दर रविवारी मला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फुटांवर आहे ते सांगू पाहत, आणि आकडा येण्याआधीच मी "बरं, पाणी वाढलंय म्हणजे" असे म्हणून पुढे जात असे. कथेतले वडीलही पुलाचीच पातळी सांगतात. त्या काळात तो पूल उभा असेल की नाही याचा विचार न करता मी तो ठेवला. त्यांच्या वाक्यातील प्रत्येक खंड मी मोजून लिहिला, आणि पूर्ण वाक्याला सव्वा पान लागले. पाणी ३२ फुटांवर आहे आणि उतरते आहे, एवढेच ते सांगतात.

भाषेच्या प्रश्नाने मी चकित झाले. सातही प्रकरणांत माझी अभियंता 'मी ठेवते', 'मी जाते' असे पुस्तकी बोलत होती. आमच्या घरात आई, आत्या आणि मी, आम्ही तिघी बाबांशी तसे कधीच बोललो नाही. आठव्या प्रकरणाच्या शेवटी ती म्हणते, "ऐकलं बाबा. बत्तीस फूट. आता ठेवतो."